किलगोर ट्राउट वाचायचा असेल तर हा खंड घ्या

किलगोर ट्राउटचं समग्र वाङ्मय बाजारात मिळत नाही. ११७ कादंबऱ्या आणि २००० कथा नावावर असलेला हा अमेरिकन विज्ञानकथाकार प्रत्यक्षात कधी जन्मलाच नव्हता. कर्ट व्हॉनेगटने आपल्या कादंबऱ्यांसाठी त्याला घडवलं. म्हणून ट्राउट वाचायचा तर व्हॉनेगटच्या पानांतून वेचून वाचावा लागतो. त्यासाठी माझ्या पाहण्यातली सगळ्यांत चांगली सोय म्हणजे लायब्ररी ऑफ अमेरिका या प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेला खंड. संपादक सिडनी ऑफिट. १९६३ ते १९७३ या काळातल्या व्हॉनेगटच्या चार कादंबऱ्या त्यात एकत्र आहेत: ‘कॅट्स क्रेडल’, ‘गॉड ब्लेस यू, मिस्टर रोझवॉटर’, ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ आणि ‘ब्रेकफास्ट ऑफ चॅम्पियन्स’. पहिलीत ट्राउट नाही. उरलेल्या तिन्हींत आहे, आणि त्या तीन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या की एका न वाचल्या गेलेल्या लेखकाचं अख्खं आयुष्य समोर उभं राहतं. हे परीक्षण मुख्यतः त्यासाठी आहे.

मी मुद्रितशोधक आहे. पुण्यात राहते. आषाढ लागला की दिवाळी अंकांची प्रुफं यायला सुरुवात होते आणि नवरात्र उलटेपर्यंत डोकं वर काढता येत नाही. इतर वेळी पाठ्यपुस्तकं, स्मरणिका, कुणाचं आत्मचरित्र. त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी त्याची बांधणी बघते, मग शेवटची पानं, मग मजकूर. त्याच क्रमाने सांगते.

भाचा न्यू जर्सीहून येताना हा खंड घेऊन आला. काळं जॅकेट, त्यावर लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाची बारीक पट्टी, लेखकाचं नाव हाताने लिहिल्यासारख्या वळणदार अक्षरात. आत कापडी बांधणी आणि खूण ठेवायला शिवलेली रिबीन. ८०० हून जास्त पानं असूनही पुस्तक एका हातात मावतं, कारण कागद पातळ आहे. पातळ असूनही मागच्या पानावरची अक्षरं पुढे डोकावत नाहीत, हे मी दिव्याखाली धरून पाहिलं. कागद आम्लमुक्त आहे, म्हणजे पिवळा पडून कडा झडणार नाहीत. बांधणी शिवलेली आहे, चिकटवलेली नाही. मधलं कुठलंही पान उघडून टेबलावर ठेवा, पुस्तक आपोआप मिटत नाही. पेन्सिल घेऊन वाचणाऱ्या माणसाला याचं मोल कळतं. गॅलिअर्ड जातीचा टाइप डोळ्यांना त्रास देत नाही, ओळींमधलं अंतर नेमकं आहे.

शेवटच्या पानांवर व्हॉनेगटच्या आयुष्याचा कालपट आहे, टिपा आहेत, आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे संहितेविषयीची नोंद. मजकूर कुठल्या आवृत्तीवरून घेतला ते तिथे सांगितलंय आणि मूळ छपाईतल्या कोणत्या चुका दुरुस्त केल्या, त्यांची पान आणि ओळ यांच्या आकड्यांसह यादी दिली आहे. दुरुस्ती केली आणि ती कुठे केली हे वाचकाला सांगितलं! आमच्याकडे जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती काढताना कोण काय बदलतं याचा पत्ता लागत नाही. शब्द बदलतात, परिच्छेद गळतात, आणि मुखपृष्ठावर मात्र ‘पुनर्मुद्रण’ असं लिहिलेलं असतं. ही यादी मी कादंबरीइतक्याच आवडीने वाचली. प्रत्येक मराठी प्रकाशकाने ती एकदा बघावी असं मला मनापासून वाटतं.

आता ट्राउट.

१९६५ च्या ‘रोझवॉटर’मध्ये तो पहिल्यांदा येतो, तेही नाव म्हणून. एलियट रोझवॉटर हा गडगंज घराण्याचा वारस, दारूत बुडालेला. पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी विज्ञानकथाकारांचं संमेलन भरलेलं असतं, तिथे हा बेधडक घुसतो आणि त्या सगळ्यांना सांगतो की आता मी फक्त तुम्हालाच वाचतो. तुम्हाला लिहिता येत नाही हेही तोंडावर सांगतो. पण जगात खरोखर काय चाललंय, यंत्रं, युद्धं, शहरं माणसाचं काय करतायत, याची काळजी करणारे तुम्हीच उरलात, असं त्याचं म्हणणं. त्याचा सगळ्यांत लाडका लेखक ट्राउट. तो संमेलनाला आलेलाच नसतो. ८७ पुस्तकं नावावर असलेला हा ६६ वर्षांचा माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस गावी दुकानांची कुपनं वटवून वस्तू देणाऱ्या एका केंद्रात माल काढून द्यायचं काम करत असतो.

इथेच ट्राउटच्या एका कादंबरीचं कथानक येतं. सगळं काम यंत्रं करतायत, माणसाला काम मिळवायचं तर तीन-तीन डॉक्टरेट लागतात, रोगराई संपली आहे, लोकसंख्या मावत नाही, म्हणून सरकारने जागोजागी स्वेच्छेने मरण्याची केंद्रं उघडली आहेत. तिथे मरायला आलेला एक माणूस तिथल्या बाईला विचारतो, मी देवाला भेटलो तर एक प्रश्न विचारीन: माणसं असतात तरी कशासाठी?

दीड पानाचा ऐवज. पण सगळी कादंबरी त्या प्रश्नाभोवती फिरते. एलियट इंडियानातल्या आपल्या पडक्या गावात जाऊन बसतो आणि कुणाच्याही उपयोगी नसलेल्या माणसांचे फोन घेतो, त्यांचं ऐकून घेतो, थोडेफार पैसे देतो. त्याला वेड लागलंय असं बापाला वाटतं. शेवटी इंडियानापोलिसच्या मनोरुग्णालयात एलियटच्या वागण्याचा अर्थ लावायला ट्राउटलाच बोलावून आणतात. दाढी काढलेला, नीटनेटका ट्राउट सांगतो की एलियटने केला तो या काळातला सगळ्यांत महत्त्वाचा सामाजिक प्रयोग असावा. काम करणारे हात यंत्रांमुळे निकामी होत जाणार. मग ज्यांचा काही उपयोग नाही त्यांच्यावर प्रेम कसं करायचं, हे आताच शिकून ठेवलं पाहिजे. हे १९६५ साली छापलंय. मी ते वाचते तेव्हा माझ्या ओळखीचे खिळे जुळवणारे कंपोझिटर आठवतात. शिशाची अक्षरं गेली, डीटीपी आलं, आणि उलटी अक्षरं सुलट वाचणारी ती माणसं एकदम कुणालाच नको झाली. आता आमच्याही दाराशी यंत्र आलंय, शुद्धलेखन तपासणारं. ट्राउटचा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला प्रश्न नाही.

‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ (१९६९) बहुतेकांनी ऐकलेली असते. व्हॉनेगट स्वतः युद्धकैदी म्हणून फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डनमध्ये होता आणि कत्तलखान्याच्या तळघरात असल्यामुळे बॉम्बवर्षावातून वाचला, हे त्या कादंबरीचं मूळ. त्यात ट्राउट हा औषधासारखा येतो. १९४८ मध्ये लेक प्लॅसिडजवळच्या सैनिकी रुग्णालयात कादंबरीचा नायक बिली पिलग्रिम आणि तोच एलियट रोझवॉटर शेजारशेजारच्या खाटांवर असतात. दोघांनीही युद्धात जे पाहिलं त्यानंतर जगण्याला अर्थ उरलेला नाही. एलियटजवळ ट्राउटच्या कादंबऱ्यांची पेटी आहे. तो त्या बिलीला वाचायला देतो. स्वतःला आणि जगाला नव्याने रचून पाहायला त्या दोघांना विज्ञानकथांची मोठी मदत झाली असं व्हॉनेगट लिहितो, आणि मला ते शब्दशः खरं वाटतं.

यातल्या एका कथेत परग्रहावरून आलेला प्राणी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास करतो. ख्रिस्ती माणसं इतकी क्रूर कशी होऊ शकतात, हे त्याला शोधायचं असतं. त्याचा निष्कर्ष असा की दोष कथा सांगण्यात आहे. येशू हा देवाचा मुलगा, म्हणून त्याला मारणं चूक, असं सांगितलं की ऐकणारा उलटा धडा घेतो: मारण्याआधी समोरच्याचे वर कुणाशी लागेबांधे नाहीत ना, हे बघून घ्या. म्हणून तो पृथ्वीला नवी कथा देऊन जातो. तिच्यात येशू कुणीच नसतो, एक साधा, बड्या लोकांना नकोसा झालेला माणूस. त्याला क्रुसावर चढवल्यावर आकाश फाटतं आणि देव सांगतो की मी याला दत्तक घेतलाय, यापुढे ज्याचं कुणी नाही अशा माणसाला छळणाऱ्याला मी भयंकर शिक्षा करीन. एका परिच्छेदात हे सगळं बसवलंय. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पुढे गेले नाही.

दुसरी एक कथा यंत्रमानवाची. त्याच्या तोंडाला घाण वास येतो म्हणून माणसं त्याला जवळ करत नाहीत. विमानातून तो खालच्या माणसांवर पेटतं, चिकट पेट्रोल टाकत असतो, त्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही. तोंडाचा वास गेला की त्याला माणसांत घेतात. कादंबरीतल्या हिशेबाने ट्राउटने हे १९३२ साली लिहिलं, म्हणजे नेपाम हे युद्धातलं पेटतं, चिकट पेट्रोल येण्याच्या आधी.

ट्राउटविषयीचं मत या कादंबरीत स्पष्ट आहे: गद्य भयानक, फक्त कल्पना चांगल्या. बिली पुढे इलियम गावात ट्राउटला गाठतो तेव्हा तो ६२ वर्षांचा असतो आणि पेपर टाकणाऱ्या पोरांवर खेकसून आपलं पोट भरत असतो. आपल्याला कुणी वाचत असेल यावर त्याचा विश्वास बसत नाही. आयुष्यात त्याला एकच चाहत्याचं पत्र आलेलं असतं, एलियटचं.

मग येतो १९७३ चा ‘ब्रेकफास्ट ऑफ चॅम्पियन्स’, ट्राउटची खरी कादंबरी. इथे तो न्यूयॉर्क राज्यातल्या कोहोज गावी एकटा राहतो, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो आणि बिल नावाच्या पोपटाशी बोलतो. लिहिलेल्या मजकुराची प्रत ठेवत नाही. परतीचं पाकीट जोडत नाही, कधी कधी स्वतःचा पत्तासुद्धा घालत नाही. हस्तलिखित टपालात टाकलं की त्याचा संबंध संपला. त्याच्या कथा छापल्या जातात त्या पिवळ्या पुस्तकांत पानपूरक म्हणून, उघड्यानागड्या चित्रांच्या मधल्या जागेत, कधी शीर्षक बदलून. आपलं लिहिलेलं कुठे छापून आलं हे त्याला कळत नाही, मग तो शहरात जाऊन तसल्या दुकानांत स्वतःची पुस्तकं शोधतो.

हे वाचताना मला इतकं तुटल्यासारखं का होतं, ते सांगते. दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत मी वर्षानुवर्षं बसलेली आहे. टपालाने आलेल्या कथांचे ढीग मी पाहिलेत. एकरेघी वहीच्या पानांवर, बँकेच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर, निळ्या शाईत, सुबक अक्षरात. परतीची तिकिटं लावलेली असली तर ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी जायची. नसली तर ढीग तसाच राहायचा आणि अंक निघाला की रद्दीत जायचा. त्यात विज्ञानकथा पुष्कळ असायच्या. शिक्षक, तारखात्यातले लोक, साखर कारखान्यातले केमिस्ट लिहायचे. भाषा अवघडलेली, संवाद नाटकी, आणि मधेच एक अशी कल्पना की वाचणारा थबकेल. मी वाचायचे, पण वाचणं हे माझं काम नव्हतं, माझ्याकडे यायचं ते निवडलेलं. त्यातल्या काही कल्पना मला अजून जशाच्या तशा आठवतात. लेखकांची नावं मात्र आठवत नाहीत. ट्राउटसारखा लेखक व्हॉनेगटला घडवावा लागला. आमच्याकडे ते होते, त्यांना व्हॉनेगट मिळाला नाही.

‘ब्रेकफास्ट’मधली एक छोटी कथा त्यावरच आहे. झॉग नावाचा परग्रहवासी युद्धं कशी थांबवायची आणि कर्करोग कसा बरा करायचा हे सांगायला पृथ्वीवर येतो. त्याच्या ग्रहावरची भाषा म्हणजे पादणं आणि पाय आपटत नाचणं. रात्री उतरतो तर समोर एका घराला आग लागलेली. घरातल्यांना सावध करायला तो आत धावतो, आपल्या भाषेत ओरडून सांगतो. घराचा मालक गोल्फच्या काठीने त्याचं डोकं फोडतो. लोक ही कथा विनोद म्हणून सांगतात. ज्याला आयुष्यभर काहीतरी सांगायचं होतं आणि ज्याच्याकडे चांगली भाषा नव्हती, अशा माणसाचं हे आत्मचरित्र आहे असं मी समजते.

पण व्हॉनेगट ट्राउटला नुसता बिचारा ठेवत नाही, आणि इथे तो मला फार मोठा लेखक वाटतो. ट्राउटचं पुस्तक वाचून माणूस बरा होतो तसा बिघडतोही. एलियटच्या खटपटीने ट्राउटला मिडलंड सिटीच्या कला महोत्सवाचं निमंत्रण येतं, सोबत हजार डॉलरचा चेक. तिथे ड्वेन हूवर नावाचा पॉन्टियॅक गाड्यांचा विक्रेता त्याची एक कादंबरी घाईघाईने वाचून काढतो. ती विश्वनिर्मात्याने एका वाचकाला लिहिलेल्या पत्रासारखी आहे: या जगात स्वतःची इच्छा असलेला तू एकटाच आहेस, बाकी सगळी यंत्रं आहेत, तू काय करतोस ते मला बघायचंय. आधीच डोकं फिरत चाललेला ड्वेन ते खरं मानतो आणि दिसेल त्याला मारत सुटतो. ट्राउटच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक तो चावून तोडतो. त्या धक्क्यातून ट्राउटला त्याचा मोठा सिद्धांत सापडतो: वाईट कल्पनांनी माणूस खरोखर आजारी पडतो आणि चांगल्या कल्पनांनी बरा होतो. कादंबरीतल्या जगात पुढे १९७९ मध्ये त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळतं आणि १९८१ मध्ये तो मरतो. आपल्या कल्पना जितक्या माणुसकीच्या, तितकेच आपण निरोगी, असं त्याच्या थडग्यावर कोरलेलं असतं.

शेवटाकडे व्हॉनेगट स्वतः कादंबरीत शिरतो आणि अंधाऱ्या रस्त्यावर ट्राउटला गाठून सांगतो की मी तुझा निर्माता आहे आणि आता तुला मोकळं करतोय. ट्राउट मागून हाका मारतो: मला तरुण कर. तो आवाज व्हॉनेगटच्या वडिलांचा असतो. इतकी वर्षं हा पडेल लेखक आपल्याला दाखवून झाल्यावर, तो कुणाच्या दुःखातून आला होता, ते या एका वाक्यात कळतं. या कादंबरीत व्हॉनेगटने स्वतः स्केचपेनने काढलेली चित्रं आहेत आणि या खंडात ती मजकुरातल्या आपापल्या जागी आली आहेत. चित्रं वगळलेली प्रत कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

ट्राउटची चरित्रं एकमेकांशी जुळत नाहीत, हे एव्हाना लक्षात आलं असेल. १९६५ मध्ये ८७ पुस्तकं, पुढच्या कादंबरीत त्याहून कमी, मग एकदम ११७. गाव दर कादंबरीत बदलतं, वयाचा मेळ बसत नाही. प्रुफं तपासताना मी अशा जागी समासात प्रश्नचिन्ह काढते. खंडाच्या संपादकाने मजकूर लेखकाने लिहिला तसाच ठेवलाय आणि तेच योग्य आहे. दर कादंबरीत व्हॉनेगटला वेगळा ट्राउट हवा होता.

हा माणूस आला कुठून? थिओडोर स्टर्जन या खऱ्या विज्ञानकथाकारावरून. दोन्ही आडनावं माशांची. जगातलं नव्वद टक्के काहीही टाकाऊच असतं, हे ज्याच्या नावाने ओळखलं जातं तोच स्टर्जन. त्याचं लेखन चांगलं होतं, दिवस मात्र ओढगस्तीचे गेले. १९८५ मध्ये तो वारला, त्यानंतर व्हॉनेगटने हे उघडपणे सांगितलं. जिवंतपणी मित्राला टोचू नये म्हणून तो गप्प राहिला असावा असं मला वाटतं. त्याखेरीज व्हॉनेगट स्वतःही आहेच. श्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी खात्यात नोकरी, केप कॉडवर साब गाड्यांचं दुकान, आणि अंगावर ‘विज्ञानकथाकार’ अशी चिठ्ठी चिकटलेली, जी समीक्षकांना पुस्तक न वाचायला पुरेशी होती. यश मिळालं नसतं तर आपलं काय झालं असतं, ते त्याने ट्राउटच्या रूपाने लिहून ठेवलं.

ट्राउटच्या नावावर एक खरं पुस्तकही आहे, त्याबद्दल थोडक्यात. ‘व्हीनस ऑन द हाफ-शेल’ ही कादंबरी १९७५ मध्ये लेखक म्हणून किलगोर ट्राउट असंच नाव छापून बाजारात आली. लिहिली होती फिलिप होजे फार्मरने, व्हॉनेगटची परवानगी घेऊन. पुष्कळांना वाटलं व्हॉनेगटनेच लिहिली, आणि तो वैतागला. कुतूहल म्हणून वाचा, विकत घ्यायचा आग्रह मी करणार नाही. ट्राउट एका परिच्छेदात जिवंत असतो. तोच परिच्छेद दोनशे पानं ताणला की कोकम सरबतात पाणी घालत बसल्यासारखं होतं, रंग राहतो आणि चव जाते.

लेखकाचं नाव आणि लेखन यांच्या नात्याचा आपल्याकडचा एक किस्सा मला इथे सांगावासा वाटतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव बनवलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. जगविख्यात शास्त्रज्ञाला नाव बाजूला ठेवून निव्वळ कथेवर निवाडा हवा होता. गेल्या वर्षी, २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा मला पहिल्यांदा ते जगतापच आठवले. ढिगातून आलेल्या अनोळखी नावाला त्या परीक्षकांनी न्याय दिला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. तो ढीग वाचणारं कुणीतरी होतं म्हणून हे घडलं.

आता खंडातल्या उणिवा. सूची नाही. ट्राउटचा माग काढणाऱ्याला ती फार जाणवते. कुठली कथा कुठल्या पानावर, ते स्वतःच टिपून ठेवावं लागतं. मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय. टिपा मोजक्या आहेत. अमेरिकन वाचकाला ठाऊक असलेल्या गोष्टी, दुकानांची नावं, जाहिराती, रेडिओचे कार्यक्रम, आपल्याला अडतात. भाषेचं मात्र भय बाळगू नका. वाक्यं छोटी आहेत, इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या माझ्यासारखीला शब्दकोश क्वचित लागला. किंमत जड आहे आणि भारतात मागवली तर आणखी जड होते. कुणी तिकडून येणार असेल तर आणायला सांगा. व्हॉनेगटच्या काही सुट्या कथा आणि ड्रेस्डनशी संबंधित थोडं लेखन पुस्तकाच्या शेवटी आहे, ते वरकड म्हणून धरा, पण ड्रेस्डनचा भाग चुकवू नका.

आणखी एक. लायब्ररी ऑफ अमेरिका ही नफ्यासाठी न चालणारी संस्था आहे. १९८२ मध्ये तिचे पहिले खंड आले, त्यांत व्हिटमन, मेलव्हिल, हॉथॉर्न असे जुने, मान्यवर अमेरिकन लेखक होते. त्याच मालिकेत, त्याच टिकाऊ कागदावर, पिवळ्या पुस्तकांत पानपूरक म्हणून छापल्या गेलेल्या कथानकांना जागा मिळाली आहे. एकही ओळ गळू नये म्हणून कुणीतरी त्यांची प्रुफं वाचली. हे काम कसं असतं हे मला माहीत आहे, आणि म्हणून या पुस्तकाला हात लावताना मला आनंद होतो.

ट्राउट इथे संपत नाही. ‘जेलबर्ड’ (१९७९) मध्ये ते नाव जन्मठेपेच्या एका कैद्याचं टोपणनाव निघतं. ‘गलापागोस’ (१९८५) सांगतो त्याचा मुलगा लिऑन, आणि तोही भूत होऊन, दहा लाख वर्षांनंतर. या दोन्ही १९७६ ते १९८५ च्या खंडात आहेत. ‘टाइमक्वेक’ (१९९७) त्यापुढच्या खंडात आहे. तिथे म्हातारा, बेघर ट्राउट न्यूयॉर्कमध्ये कथा लिहितो आणि लिहून झाली की कचऱ्याच्या पेटीत टाकतो. सगळं जग दहा वर्षं मागे जाऊन तेच आयुष्य पुन्हा जगून बाहेर पडतं आणि माणसं सुन्न होऊन उभी राहतात, तेव्हा त्यांना हलवून जागं करतो तो हाच: तुम्ही आजारी होता, आता बरे झालात, आणि कामं पडली आहेत.

खंड हाती आल्यावर सुरुवात ‘रोझवॉटर’पासून करा. ‘स्लॉटरहाउस’ आधी वाचलेली असली तरी पुन्हा वाचा. ‘कॅट्स क्रेडल’ शेवटी ठेवली तरी चालेल. एकच पुस्तक परवडत असेल आणि खंड आवाक्याबाहेर असेल, तर ‘ब्रेकफास्ट ऑफ चॅम्पियन्स’ची साधी, चित्रांसहित पेपरबॅक घ्या.